बॅटरीची नाडी कशी पाहावी?

डेअरीत दूध घालायला गेलो की आपण रोज एक गोष्ट पाहतो. दूध घेणारा माणूस काचेची एक नळी दुधात सोडतो, ती किती बुडते ते पाहतो आणि वहीत आकडा लिहितो. दूध कसदार असेल तर नळी वर तरंगते. त्यात पाणी पडले असेल तर ती खाली बसते. दूध पांढरे दिसते एवढ्यावर कोणी दर देत नाही.

पण घरी आल्यावर हा शहाणपणा आपण विसरतो. जिन्याखाली किंवा माजघराच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी असते. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागलेला दिसला की "बॅटरी फुल्ल आहे" असे म्हणून आपण निश्चिंत होतो. शेतकरी बंधुभगिनींनो, हा हिरवा दिवा म्हणजे दुधाचा पांढरा रंग. त्यावरून आतला कस कळत नाही.

खानापूर, चंदगड, सावंतवाडी, पेडणे या पट्ट्यातला पाऊस आपल्याला नवा नाही. आषाढातल्या एका वाऱ्याने फांदी तारेवर पडते आणि सबंध गावाची लाईट जाते. ती तासाभरात येते किंवा दुसऱ्या दिवशी येते. अशा रात्री दिवा-पंखा बंद पडला तर माणूस घटकाभर कुरकुरतो आणि झोपतो. पण आता कित्येक घरांत विजेवर यापेक्षा मोलाच्या गोष्टी अवलंबून असतात. कोणाकडे कोंबडीच्या अंडी उबवण्याच्या पेट्या आहेत, कोणाकडे गवे आणि रानडुकरे अडवणारे झटका मशीन आहे. काही घरांत तर म्हाताऱ्या आईचा श्वास हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्रावर चालतो.

अशा घरी रात्री अकरा वाजता वीज गेली, असे समजा. मुलगा म्हणतो, "आई, घाबरू नकोस, आपली दीडशेची बॅटरी आहे, पाच तास चालेल." आणि बरोबर पन्नास मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडू लागतो. बॅटरी चार वर्षांची झाली होती. हिरवा दिवा तर संध्याकाळीसुद्धा लागलेला होता. मग चूक कोठे झाली? दोन ठिकाणी झाली. पहिली चूक हिशेबात होती आणि दुसरी तपासणीत. दोन्ही क्रमाने पाहू.

पाच तासांचा हिशेब

बॅटरीवर "१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास" असे लिहिलेले असते. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. पाच लिटरचे ऑक्सिजन यंत्र साधारण ३०० ते ३५० वॅट वीज खाते. नेमका आकडा यंत्राच्या पाटीवर असतो. १८०० ला ३५० ने भागले की पाच तास येतात. कागदावर हिशेब बरोबर आहे, पण बॅटरी कागदावर चालत नाही.

कंपनीने १५० हा आकडा सहसा वीस तासांच्या संथ वापरासाठी दिलेला असतो. म्हणजे बॅटरीतून फक्त साडेसात अँपिअर, साधारण ९० वॅट, इतकाच विजेचा प्रवाह घेतला तर ती वीस तास पुरते. ३५० वॅटचे यंत्र लावले की इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून बॅटरीतून पस्तीस-छत्तीस अँपिअर ओढले जातात. इतक्या घाईने ओढले तर तीच बॅटरी दीडशेऐवजी नव्वद-शंभर अँपिअर-तासच देते. बैलाला रमतगमत चालवले तर तो दिवसभर गाडी ओढील, पण चढावर दामटले तर दोन तासांत फेस काढील. तसाच हा प्रकार आहे. म्हणजे अगदी नव्या बॅटरीवरसुद्धा हे यंत्र सव्वादोन-अडीच तास चालेल. तिचा कस निम्म्यावर आला असेल तर पाऊण ते एक तास. पाच तास कधीच नव्हते.

आत काय घडते?

शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रथम तयार केली. आजही ट्रॅक्टरमध्ये आणि बहुतेक घरांच्या इन्व्हर्टरला हीच बॅटरी लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाब देतो. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या असतात आणि त्या पाणी घातलेल्या गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात.

वीज वापरली जाते तेव्हा ॲसिडमधले गंधकाचे द्रव्य पट्ट्यांवर जाऊन बसते, त्याचे शिशाचे सल्फेट बनते आणि ॲसिड पातळ होते. चार्जिंग केले की ते द्रव्य पट्ट्यांवरून सुटते आणि ॲसिड पुन्हा दाट होते. म्हणूनच ॲसिडचा दाटपणा मोजला की बॅटरी किती भरली आहे ते कळते. डेअरीतल्या नळीचेच हे दुसरे रूप झाले.

आता बॅटरी आजारी कशी पडते? रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर पट्ट्यांवरचे सल्फेट कडक खड्यांसारखे होते आणि मग चार्जिंगने सुटत नाही. पाणी कमी झाले तर पट्ट्यांचा उघडा भाग वाळून निकामी होतो. फार चार्जिंग झाले तर पट्ट्यांवरचा मसाला गळून तळाशी बसतो. उष्णता तर या सगळ्या दुखण्यांना हातभार लावते. बॅटरी सतत दहा अंश जास्त गरम राहिली तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याच्या तापलेल्या भिंतीला टेकवलेली किंवा चुलीच्या पाठीमागे ठेवलेली बॅटरी लवकर जाते, ती यामुळे.

हिरवा दिवा फसवतो तो कसा, हेही आता कळेल. गाळाने भरलेल्या विहिरीची कल्पना करा. पावसात ती लवकर काठोकाठ भरते. वरून पाहणाऱ्याला वाटते, केवढे पाणी! पंप लावला की अर्ध्या तासात तळ दिसतो. जुनी बॅटरीही तशीच झटपट भरते. इन्व्हर्टरला दाब पुरेसा दिसला की तो हिरवा दिवा लावतो. आत गाळ किती आहे हे त्याला दिसत नाही. तेव्हा ध्यानात ठेवावे: पूर्वी भरायला आठ-दहा तास घेणारी बॅटरी दोन तासांतच "फुल्ल" होऊ लागली, तर ते आनंदाचे लक्षण नव्हे, आजाराचे आहे.

महिन्याची तपासणी

या कामाला शंभर पानी वही, एक साधा मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर एवढे सामान पुरते. वस्तू महाग नाहीत. चार शेजाऱ्यांनी मिळून घेतल्या तरी चालतील. काम सुरू करण्यापूर्वी हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. जवळ बादलीभर स्वच्छ पाणी ठेवावे. इन्व्हर्टर बंद करावा आणि खिडक्या उघडाव्यात.

१. डोळ्यांनी पाहावे, नाकाने हुंगावे. बॅटरीची पेटी फुगली आहे का? चीर पडली आहे का? टोकांवर पांढरे-हिरवे किटण चढले आहे का? सडक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा पेटीला हात लावून चटका बसत असेल, तर चार्जिंग लगेच बंद करावे, दारे-खिडक्या उघडून बाजूला व्हावे आणि मेकॅनिकला बोलवावे.

२. टोके स्वच्छ करावीत. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने किटण धुवावे. सोड्याचा थेंबही बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, म्हणून झाकणे घट्ट लावलेली असावीत. कोरडे करून वायर कसावी आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. सैल वायरमुळे चांगली बॅटरीसुद्धा कमजोर वाटते.

३. पाण्याची पातळी पाहावी. झाकणावरची दांडी खाली बसली असेल किंवा पाणी खालच्या खुणेशी आले असेल, तर डिस्टिल्ड पाणी घालावे. घालावे ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर, कारण चार्जिंगमध्ये पाणी वर चढते आणि आधी काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे, मग चार्जिंग करावे आणि शेवटी खुणेपर्यंत भरावे. प्रत्येक कप्प्याने किती पाणी घेतले ते वहीत लिहावे. एकच कप्पा फार पाणी पिऊ लागला तर तो आजारी आहे. सगळेच कप्पे फार पिऊ लागले तर चार्जिंग गरजेपेक्षा जास्त होत आहे, असे समजावे.

४. व्होल्ट मोजावेत. बॅटरी पूर्ण चार्ज करून चार्जर आणि सगळे दिवे-पंखे तोडावेत व तीन-चार तास तिला विश्रांती द्यावी. धावून आलेल्या माणसाची नाडी लगेच पाहत नाहीत, तसेच हे आहे. मग मोजावे. घरच्या इन्व्हर्टरची भरलेली बॅटरी १२.५ व्होल्ट किंवा त्याहून थोडे जास्त दाखवते. १२.१ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्ज करूनही विश्रांतीनंतर साडेदहाच दाखवत असेल, तर सहापैकी एक कप्पा मेला आहे असे समजावे.

५. हायड्रोमीटर लावावा. आजच्या तपासणीत पाणी घातले असेल तर ते मिसळेपर्यंत मोजू नये, पुढच्या चार्जिंगनंतर मोजावे. रबरी फुगा दाबून नळीत ॲसिड ओढावे, आतला काटा मोकळा तरंगू द्यावा आणि डोळ्याच्या रेषेत धरून आकडा वाचावा. ॲसिड त्याच कप्प्यात परत सोडावे. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीत भरल्यावर हा आकडा साधारण १.२४० च्या आसपास असतो. काही हायड्रोमीटरवर तोच १२४० असा छापलेला असतो. आपल्या बॅटरीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत मिळतो. हा आकडा २७ अंश उष्णतेचा असतो. दर दहा अंश जास्त उष्णतेला वाचलेल्या आकड्यात ०.००७ मिळवावे. म्हणजे मे महिन्यात ॲसिड ३७ अंशांवर असताना १.२३३ दिसले, तर ते १.२४० च समजावे.

सहाही कप्पे मोजावेत. सहा भावंडे सारखी वाढली पाहिजेत. एका कप्प्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने कमी असला तर त्याच्यावर लक्ष ठेवावे. ०.०५० ने कमी असला तर तो कप्पा गेलाच म्हणावा. सगळेच आकडे सारखे कमी असतील तर आधी पुरते चार्जिंग करून पुन्हा मोजावे.

तीन महिन्यांची खरी परीक्षा

बैलाचे वय शिंगांच्या रंगावरून कळत नाही, नांगराला जुंपल्यावर कळते. बॅटरीचीही खरी परीक्षा ओझे घालूनच होते. दर तीन महिन्यांनी, वीज असताना, दिवसा ही परीक्षा घ्यावी.

बॅटरी पूर्ण भरलेली असावी. घरातले ठरावीक सामान लावावे, उदाहरणार्थ दोन पंखे आणि चार दिवे. दर वेळी नेमके तेच सामान हवे. मग इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढावा आणि वेळ लिहावी. बॅटरी संपत आल्याची सूचना इन्व्हर्टरने दिली की पुन्हा वेळ लिहावी आणि त्याच क्षणी चार्जिंग सुरू करावे. किती मिनिटे चालली, हाच बॅटरीचा खरा कस.

बॅटरी नवी असतानाच ही परीक्षा एकदा घेऊन आकडा लिहून ठेवला, तर पुढे तुलना सोपी जाते. समजा नवी असताना ३०० मिनिटे चालली. ती २४० वर आली, म्हणजे शंभराची ऐंशी झाली, की नव्या बॅटरीसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात करावी. मोठ्या वीजकेंद्रांतल्या बॅटऱ्यासुद्धा ऐंशी टक्क्यांवर आल्या की बदलतात. दिव्या-पंख्यासाठी आपण आणखी वर्षभर ओढू शकतो. पण आजाऱ्याच्या यंत्रासाठी अशा बॅटरीवर विसंबू नये.

ज्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे त्यांनी आणखी काही गोष्टी पाळाव्यात. परीक्षा घेताना यंत्राऐवजी तेवढ्याच वॅटचे दुसरे सामान लावावे, म्हणजे आजाऱ्याला धोका नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, हे यंत्र देणाऱ्याला विचारून घ्यावे, कारण चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर अशी यंत्रे बिघडू शकतात. आणि बॅटरी कितीही चांगली असली तरी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात असावा. तो आपल्या आजाऱ्याला किती वेळ पुरेल हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. बॅटरीचा वेळ, सिलिंडरचा वेळ आणि गाडी करून दवाखान्यात पोचण्याचा वेळ, हे तीन आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

हवा, ॲसिड आणि शिसे

चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीतल्या हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बॅटरी कपाटात कोंडू नये, तिच्याजवळ विडी ओढू नये आणि आत पाणी किती आहे ते काडी ओढून तर कधीच पाहू नये. कित्येक घरांत आल्तार आणि इन्व्हर्टर एकाच कोपऱ्यात असतात. जळती मेणबत्ती आणि बॅटरी एकमेकांपासून लांब असाव्यात.

ॲसिड अंगावर उडाले तर कपडे लगेच काढावेत आणि भरपूर वाहत्या पाण्याने धूत राहावे. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, डोळा चोळू नये आणि ताबडतोब दवाखान्यात जावे. डोळ्यात किंवा जखमेवर सोडा, तूप, हळद असे काहीही घालू नये. पोटात गेले तर उलटी करवू नये, तसेच दवाखान्यात न्यावे. जमिनीवर सांडले तर मात्र सोडा टाकून मग धुवावे. बॅटरीसाठी आणलेले पाणी किंवा ॲसिड प्यायच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये.

शिशाचे विष याहून कपटी आहे, कारण ते चटका देत नाही. ते धुळीतून पोटात जाते. लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे मुरते आणि मेंदूची वाढ खुंटते. अमुक इतके शिसे शरीरात गेले तर काही होत नाही, अशी मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सेनेगल देशाच्या डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे काढण्याचा धंदा चाले. शिसे मिसळलेली माती घरोघरी नेऊन लोक चाळीत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तेथे १८ लहान मुले दगावली. आईबापांना बिचाऱ्यांना कारणही ठाऊक नव्हते. ते पोट भरण्यासाठीच माती चाळत होते.

तेव्हा जुनी बॅटरी घरी फोडू नये, ॲसिड गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून रस्त्याकडेला बॅटरी फोडणाऱ्याला विकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. आपली जबाबदारी एवढीच, की ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य हाती द्यावी. नवी घेताना जुनी दुकानदाराला देऊन बिलात तिची किंमत वजा करून घ्यावी, हा सोपा मार्ग. बॅटरीला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

शंका-समाधान

*ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला लावली तर चालेल का?*
एखाद्या रात्रीपुरती चालेल, रोजसाठी नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. इंजिन फिरवायला क्षणभर मोठा जोर देणे हे तिचे काम. तासन्‌तास वीज देत ती रोज रिकामी होऊ लागली तर काही महिन्यांत बसते.

*विहिरीचे, पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी घातले तर?*
नको. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार व लोह असते. फिल्टरच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, आणि पत्र्यावरून, कौलांवरून आलेले पावसाचे पाणी तर घाण घेऊन येते. हे सारे पट्ट्यांना बाधते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बॅटरीच्या मानाने फारच स्वस्त आहे.

*आकडा कमी आला तर थोडे ॲसिड घालावे का?*
घालू नये. चार्जिंगमध्ये उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे. वरून ॲसिड घातले की हायड्रोमीटरचा आकडा चढतो, पण तो खोटा असतो आणि पट्ट्या लवकर झिजतात.

*भुकटी घालून जुनी बॅटरी नवी करून देतो म्हणणारे येतात, ते खरे का?*
गळून तळाशी बसलेला मसाला कोणत्याही भुकटीने पुन्हा पट्टीवर चढत नाही. पैसे देण्यापूर्वी त्याला सांगावे, आधी आणि नंतर मिनिटांची परीक्षा घेऊ. तो थांबतो का ते पाहावे.

*आमच्याकडे दोन बॅटऱ्या जोडून चालवतात. एकच गेली तर एकच बदलावी का?*
शक्यतो दोन्ही एकदम बदलाव्यात. तरणा आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपले तर दोघांचेही हाल होतात. तपासणी मात्र प्रत्येक बॅटरीची वेगळी करावी आणि वहीत वेगळ्या पानावर लिहावी.

*झटका मशीनची बॅटरी काढणीनंतर चार महिने पडून राहते. काय करावे?*
पूर्ण चार्ज करून सावलीत, कोरड्या फळीवर ठेवावी आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करावी. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. हे केले नाही तर पीक पोटरीला येते, गवे कुंपणाशी येतात आणि नेमक्या त्याच वेळी कळते की तारेत जोर नाही.

*लिथियमच्या बॅटरीला यांतले काय लागू?*
पाणी नाही, हायड्रोमीटर नाही. तिचे व्होल्ट जवळजवळ संपेपर्यंत एकसारखे राहतात, म्हणून व्होल्टवरूनही नीट अंदाज येत नाही. मिनिटांची परीक्षा मात्र तिलाही तशीच लागू आहे. तिला योग्य चार्जिंगची सोय असलेला इन्व्हर्टरच लावावा. ती फुगली किंवा तापली तर वापर थांबवावा आणि स्वतः उघडू नये.

वही कशी ठेवावी?

पहिल्या पानावर बॅटरी घेतल्याची तारीख, क्षमता, हमीची मुदत आणि नवी असतानाची मिनिटे लिहावीत. बिल त्याच पानाला चिकटवावे. पुढे दर महिन्याला एक ओळ: तारीख, व्होल्ट, सहा कप्प्यांचे सहा आकडे, घातलेले पाणी. तीन महिन्यांनी एकदा मिनिटे. हमीच्या मुदतीत बॅटरी बिघडली, तर ही वही दुकानदारापुढे ठेवता येते. "तुम्ही पाणीच घातले नसेल" असे मग त्याला सहज म्हणता येत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना आकडे वाचायला आणि लिहायला बसवावे. ॲसिडला हात मोठ्यांनी लावावा, वही मुलांनी सांभाळावी. पावसाळ्याआधीची तपासणी मे महिन्यातच उरकावी, म्हणजे बॅटरी बदलावी लागली तर हाताशी वेळ राहतो. महिन्यातला अर्धा तास एवढाच काय तो खर्च.

गाय आटली तर आपल्याला चार दिवस आधी कळते, कारण आपण रोज तिच्या कासेला हात लावतो. बॅटरीलाही महिन्यातून एकदा हात लावा. मग आषाढातल्या रात्री वीज गेली तर आईच्या उशाशी बसून सांगता येईल, "आई, दोन तास आहेत, आणि सिलिंडर भरलेला आहे." हे बोलणे अंदाजाचे नसेल, वहीत पाहून सांगितलेले असेल.